डोळ्यांच्या हालचालींतून मनाच्या जखमेवर उपचार : सलग उपचाराला बसण्याआधीची तयारी



हात मोडला की प्लास्टर दिसते, म्हणून घरचे लोक त्या माणसाला हंडा उचलू देत नाहीत. मनाला मार बसला तर काहीच दिसत नाही. मग घरचेच म्हणतात, "झालं ते झालं, किती दिवस तेच धरून बसणार?" वस्तीत फिरताना हे वाक्य आमच्या कानावर सारखे येते. ते म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला फक्त हे माहीत नसते की समोरच्याने ते धरून ठेवलेले नाही, त्यानेच समोरच्याला धरून ठेवले आहे.

आपल्या समाजाने असे मार थोडे सोसलेले नाहीत. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात जळालेली घरे, ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेला गोळीबार, २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी. या घटना आपण सभेत आठवतो. त्याशिवाय ज्यांना नाव नाही असे मार रोज बसतात. गटारात उतरलेला घरधनी वर येत नाही. रात्रीच्या आगीत झोपडी जाते. लहानपणी नात्यातल्याच कुणी अंगाला हात लावलेला असतो. नवरा मारतो. गावात विहिरीवरून झालेला हल्ला शहरात येऊनही पाठ सोडत नाही.

अशा प्रसंगानंतर काही आठवडे झोप उडणे, रडू येणे, भूक मरणे साहजिक आहे. पुष्कळांचे हे हळूहळू कमी होते. पण एक महिना उलटून गेल्यावरही खालील त्रास चालू असेल, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला पी.टी.एस.डी. म्हणतात, मराठीत आघातानंतरचा ताणविकार.

• तो प्रसंग आत्ता, याच क्षणी घडतो आहे असे वाटणे. तीच स्वप्ने पडणे.
• त्या जागेला, माणसांना, वासाला, आवाजाला टाळत राहणे.
• सतत सावध असणे, दचकणे, चटकन संताप येणे, झोप न लागणे.
• "चूक माझीच होती", "मी कशाच्याच लायक नाही" असे मनात घट्ट बसणे. जवळच्या माणसांविषयीही काही न वाटणे.

अनेक घरांत याला "बाहेरचं झालंय" म्हणतात. बाई बसल्या जागी भान हरपते, किंचाळते, आणि कुणीतरी तिला भगताकडे नेण्याची गोष्ट काढतो. बाबासाहेबांबरोबर आपण तो रस्ता सोडला आहे, पुन्हा त्यावर जायचे नाही. हा मेंदूचा आणि मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यांतल्या एका उपचाराची आणि त्याच्या तयारीची माहिती या वेळच्या आरोग्य पानावर देत आहोत.

हा उपचार काय आहे?

त्याला थोडक्यात ई.एम.डी.आर. म्हणतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून तो विकसित केला आणि १९८९ मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पी.टी.एस.डी.साठी मोठ्यांना आणि मुलांना ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत हा उपचार आहे.

यात तुम्ही खुर्चीत बसता, पूर्ण जागे असता. त्रास देणाऱ्या आठवणीचे एक चित्र मनात आणायचे, त्याबरोबर अंगात कुठे काय होते ते पाहायचे आणि त्याच वेळी डोळ्यांनी उपचारकाच्या बोटांमागे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जायचे. साधारण अर्धा मिनिट झाला की थांबायचे, एक श्वास घ्यायचा, आता काय दिसते, काय वाटते ते दोन शब्दांत सांगायचे. मग पुन्हा डोळे फिरवायचे. डोळ्यांना जमत नसेल तर दोन्ही हातांवर आळीपाळीने थोपटूनही करतात. त्रास किती, हे ० ते १० या आकड्यांत सांगायचे असते. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सोसवत नाही इतका.

हे संमोहन नाही. डोळ्यांनी बोटांमागे जाताना मनाचा थोडा भाग तिकडे गुंततो, त्यामुळे आठवण पूर्ण जोराने अंगावर येत नाही आणि तिची धार कमी होते, असा एक खुलासा दिला जातो. नेमके कसे घडते यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. पण एक गोष्ट आपल्या बायकांसाठी फार मोलाची आहे. काय झाले, कसे झाले, कुणी कुठे हात लावला, याचे सगळे वर्णन मोठ्याने करावे लागत नाही. जे पोलिस ठाण्यात दहा वेळा सांगून जीभ सुकली, ते इथे पुन्हा सांगायची सक्ती नसते.

सलग उपचार म्हणजे काय?

नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातून एकदा, ६० ते ९० मिनिटांची बैठक असते. सलग पद्धतीत रोज काही तास, असे काही दिवस एकापाठोपाठ बसतात. नेदरलँड्समध्ये असा एक कार्यक्रम आहे. तिथे हा उपचार दुसऱ्या एका बोलण्याच्या उपचाराला जोडून, मधे व्यायाम आणि माहितीचे वर्ग ठेवून, दोन आठवड्यांत आठ दिवस देतात.

आपल्या लोकांना सलग पद्धत सोयीची वाटते, कारण दर आठवड्याला खाडा करून, गाडीभाडे भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणे जमत नाही. आठवड्यांच्या अंतरात उपचार अर्धवट सुटण्याचीही भीती असते. पण सोयीबरोबर भारही येतो. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला मधले सहा दिवस सावरायला मिळतात. सलग बसणाऱ्याला फक्त रात्र मिळते. म्हणून इथे तयारीला दुप्पट महत्त्व आहे. या उपचाराचे आठ टप्पे आहेत. पहिला तुमची सगळी माहिती घेण्याचा आणि दुसरा तयारीचा. डोळे फिरवण्याचे काम चौथ्या टप्प्यात येते. कुणी पहिल्याच भेटीत थेट आठवणीवर काम सुरू करू लागला, तर तुम्ही त्याला थांबवू शकता.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गावात त्यांच्या घरावर हल्ला झाला होता. ॲट्रॉसिटीचा खटला चालू आहे आणि त्या साक्षीदार आहेत. आता शहरात धुणीभांडी करतात. पाच दिवसांच्या सलग उपचाराची संधी मिळाली तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले. "माझ्या अंगाला हे झेपेल का? पाच दिवस घर कोण बघेल? आणि मी विसरून गेले तर कोर्टात काय सांगू?" कुठल्याही माणसाने विचारावेत असेच हे प्रश्न आहेत. त्याच क्रमाने पुढे जाऊ. पण त्याआधी दोन गोष्टी.

धोका संपला आहे का?

मारणारा नवरा आजही त्याच घरात असेल, हल्लेखोर रोज गल्लीत फिरून धमकी देत असतील, तर तुमची भीती हा आजार नाही. ती खरी सूचना आहे. अशा वेळी आधी सुरक्षितता, मग आठवणींवर काम. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येते, प्रवास आणि निर्वाहाचा खर्चही मागता येतो. मन सावरण्याचे काही सोपे उपाय या काळातही शिकता येतात, पण जुनी जखम उघडण्याची घाई करू नये.

उपचारक कोण आहे?

भिंतीवरचे प्रमाणपत्र बघून समाधान मानू नका. फॅमिली डॉक्टरकडे खोकला दाखवायला गेल्यावर विचारतो तसे मोकळेपणाने विचारा.

१. तुमचे शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकाराचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.
२. ई.एम.डी.आर.चे प्रशिक्षण कुठे घेतले? सलग पद्धतीने किती जणांना उपचार दिला?
३. रोज किती तास, किती दिवस, मधे सुट्टी किती?
४. एकूण खर्च किती? मधेच थांबवले तर पैसे परत मिळतील का? हे कागदावर लिहून घ्या.
५. रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा?
६. संपल्यावर पुढच्या भेटी कधी?
७. मी मराठीतच बोलेन, चालेल ना?

आणखी एक प्रश्न आम्ही सुचवतो : "जातीमुळे जे झाले ते तुम्ही जातीमुळे झाले असे मानता का?" समोरचा म्हणाला, "जात आता कुठे राहिली, तुम्ही फार मनाला लावून घेता," तर तिथे जखम उघडायची नाही. "शंभर टक्के बरे करतो" म्हणणाऱ्यापासूनही दूर राहा. भगवान बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. उपचारकालाही तीच कसोटी लावा. चालायचे आपल्यालाच आहे. तो वाट दाखवतो आणि सोबत राहतो.

पहिली तयारी : अंगाची

सगळे केसपेपर, जुन्या तपासण्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून पहिल्या भेटीला न्या. खालीलपैकी काहीही असेल तर न विचारता आपणहून सांगा.

• फिट येणे, म्हणजे मिरगी. डोक्याला पूर्वी लागलेला मार.
• डोळ्यांचे ऑपरेशन, डोळ्यांत दुखणे, पडद्याचा आजार. अशांना डोळे फिरवण्याऐवजी थोपटण्याची पद्धत वापरता येते.
• हृदयविकार, वाढलेले बीपी, शुगर, दमा.
• गरोदरपण, किंवा दिवस गेल्याची शंका.
• जीव देण्याचा विचार किंवा पूर्वी केलेला प्रयत्न.
• कानात आवाज येणे. मधला वेळ कुठे गेला ते न आठवणे. आपण आपल्या अंगाबाहेर आहोत असे वाटणे.

ही यादी कुणाला नापास करण्यासाठी नाही. यांतल्या काहींना आधी दुसरा उपचार लागतो, काहींना सलगऐवजी सावकाश पद्धत बरी. शेवटच्या दोन गोष्टी लाजेने लपवल्या जातात आणि त्याच सर्वांत आधी सांगायच्या असतात.

चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांनी मन सुस्त होते आणि उपचाराचा गुण कमी येऊ शकतो, पण त्या अचानक सोडल्या तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. कमी करायच्या की नाही ते लिहून देणारे डॉक्टर ठरवतील. दारूचेही तसेच. पंचशीलातले पाचवे शील आपल्याला ठाऊक आहे, तरी बरेच दादा झोप लागावी म्हणून घेतात. त्यांना शरमिंदे न करता आम्ही एवढेच सांगू : रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे होऊ शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

उपचाराच्या दिवसांत पोट भरलेले हवे. सकाळी भाकरी-भाजी खाऊन जा, पाण्याची बाटली न्या, चहा बेताचा घ्या. चष्मा असेल तर सोबत ठेवा.

दुसरी तयारी : मनाची

ही तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करा आणि रोज दहा मिनिटे करा. पोहायला शिकणारा आधी काठावर पाय मारतो, मग खोल पाण्यात जातो. हे काठावरचे काम आहे.

शांत जागा. डोळ्यांसमोर अशी जागा आणा जिथे तुम्हाला बरे वाटते. कुणाला दीक्षाभूमीचा स्तूप आठवतो, कुणाला पहाटेचे विहार, कुणाला आजोळच्या ओढ्याकाठचे झाड. तिथला उजेड, वास, आवाज आठवा. त्या जागेला एका शब्दाचे नाव द्या. त्या जागेशी वाईट आठवण जोडलेली असेल तर दुसरी निवडा.

लोखंडी पेटी. आपल्या घरात असते तशी जाड पत्र्याची, कडीकुलपाची पेटी मनात आणा. दिवसाचे काम अर्धवट राहिले तर उरलेली आठवण तिच्यात ठेवायची, कुलूप लावायचे, उद्या उपचारकासमोरच उघडायची. रात्रीच्या झोपेसाठी हिचा उपयोग होतो.

भानावर येणे. आठवण अंगावर धावून आली तर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्या, चार वस्तूंना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास घ्या, एका गोष्टीची चव घ्या. पाय जमिनीला टेकवा आणि स्वतःला मोठ्याने सांगा : आज वार कोणता, मी कुठे आहे, ते तेव्हा झाले, आत्ता नाही.

फुलपाखरू मिठी. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन तळवे खांद्यांजवळ ठेवायचे आणि आळीपाळीने हळू थोपटायचे. १९९७ साली मेक्सिकोत पॉलिन चक्रीवादळ आले, त्यातून वाचलेल्यांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी ही पद्धत वापरात आणली. मुलांनाही सहज जमते. घरी ती फक्त शांत होण्यासाठी वापरा.

आनापानाची सवय असेल तर चांगलेच. पण काही आघातग्रस्तांना डोळे मिटून श्वासाकडे पाहिले की उलट घाबरायला होते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष पायाच्या तळव्यांवर ठेवावे. त्यात साधना कमी पडली असे काही नाही. दहा दिवसांचे मौनाचे शिबिर हा या आजारावरचा उपचार नाही. त्याला जायचे असेल तर अर्जात आजाराची आणि गोळ्यांची खरी माहिती द्या.

थांबण्याची खूण. हात वर केला की काम थांबायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि एकदा मुद्दाम हात वर करून पाहा. उपचारक लगेच थांबतो का? ज्या बाईचे "नको" कुणी कधी ऐकले नाही, तिच्यासाठी हा हात वर करणे हाच अर्धा उपचार असतो.

आठवणींची यादी उपचारक मागतो. घरी एकट्याने बसून सविस्तर लिहू नका. नुसते मथळे पुरेत : "विहीर", "दवाखाना", "काकांचे घर". समोर ० ते १० मधला आकडा. आणि मोबाईलवर ठिपका हलणारे व्हिडिओ लावून स्वतःच आठवणीवर काम करू नका. जखम उघडेल आणि बांधायला जवळ कुणी नसेल.

तिसरी तयारी : घराची

पुस्तकात लिहिलेले असते, "बैठकीनंतर शांत खोलीत विश्रांती घ्या." दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, वर शेजारचा टीव्ही, तिथे शांत खोली आणायची कुठून? म्हणून आधी जुळवाजुळव करावी लागते.

• कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवा. "दवाखान्याचे काम आहे" एवढे पुरे, आजाराचे नाव सांगायची गरज नाही. नाक्यावर काम करणाऱ्याचा रोज बुडतो, तेवढे पैसे दोन महिने आधीपासून बाजूला काढा किंवा बचत गटाशी बोला.
• पाणी भरणे, डबा, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांच्या गोळ्या : कुणी काय करायचे ते वारानुसार लिहून भिंतीला लावा. घरातल्या पुरुषाचे नावही त्या यादीत असले पाहिजे.
• दुपारी-संध्याकाळी दोन तास पडायला जागा ठरवा. बहिणीचे घर, मैत्रिणीची खोली किंवा विश्वस्तांना विचारून रिकाम्या वेळेतले विहार.
• एक सोबती ठरवा, जो नेईल, आणेल आणि प्रश्न विचारणार नाही. "आज काय सांगितलंस?" हे त्याने विचारायचे नाही. "जेवलीस का?" हे विचारायचे. थकव्यात दुचाकी चालवू नका.
• बारसे, लग्न, वर्षश्राद्धासारखा जलदानविधी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, कोर्टाची तारीख किंवा त्या घटनेचा स्मृतिदिन या दिवसांना लागून उपचार ठेवू नका.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर सही करून विश्वासातल्या माणसाचे नाव द्या. नवराच किंवा सासूच हवी असे नाही. तुमची माहिती गुप्त ठेवणे हा त्याच कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे.

चौथी तयारी : कोर्टाची

आता ताईंचा तिसरा प्रश्न. या उपचारात आठवण पुसली जात नाही. कोण होते, काय झाले, हे माहीत राहते. मात्र त्या आठवणीतला जिवंतपणा, अंगावरचा काटा कमी होतो, चित्र फिके होऊ शकते. कधी विसरलेला एखादा तुकडाही वर येतो, आणि असा तुकडा तपासल्याशिवाय पुरावा मानता येत नाही. उलटतपासणीत समोरचा वकील याच गोष्टीवर बोट ठेवू शकतो.

म्हणून खटला चालू असेल तर उपचाराआधी आपल्या वकिलाला सांगा. पोलिसांपुढचा जबाब झाला का? दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, जो पूर्वी कलम १६४ खाली होत असे आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो, नोंदला गेला का? त्याची प्रत हाताशी आहे का? साक्ष कधी आहे? अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. उपचारकालाही खटल्याची कल्पना द्या, म्हणजे तो नोंदी काळजीपूर्वक ठेवेल.

पण खटल्यासाठी उपचार वर्षानुवर्षे थांबवून ठेवावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. खटले लांबतात, आयुष्य एकच असते. निर्णय त्या माणसाचा. ताई, त्यांच्या वकील आणि उपचारक एकत्र बसल्या. साक्ष महिन्याभरावर होती. ताईंनी ठरवले की आधी फक्त तयारीच्या बैठका घ्यायच्या, शांत जागा आणि भानावर येणे शिकायचे, साक्ष द्यायची आणि मग पाच दिवस बसायचे. उलटतपासणीत दोनदा त्यांचे भान सुटू लागले तेव्हा त्यांनी चपलेतून पाय काढून फरशीवर टेकवले, पाणी मागितले आणि पुढचे उत्तर दिले. सलग उपचार नंतर झाला. खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. पण पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की त्या दाराला कडी घालत असत, ते आता थांबले आहे.

त्या दिवसांत आणि नंतर

बैठकीनंतर दमून जाणे, डोके दुखणे, विचित्र स्वप्ने, अचानक रडू येणे, जुन्या गोष्टी आठवणे हे होऊ शकते. मन काम करत असते. काही दिवसांत ते उतरते. वहीत दोन ओळी लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. त्या आठवड्यात नोकरी सोडणे, काडीमोड, गावी जाऊन जाब विचारणे असे मोठे निर्णय घेऊ नका. हलके चालणे, वेळेवर जेवण, विहारातली वंदना चालू ठेवा.

जीव द्यावासा वाटणे, दोन रात्री सलग झोप न येणे, भान परत न येणे, आवाज ऐकू येणे यांपैकी काही झाले तर थांबू नका. उपचारकाला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

हा उपचार सगळ्या सरकारी दवाखान्यांत मिळत नाही, खाजगीत तो महाग पडतो. मिळाला नाही म्हणून हताश होऊ नका. आघातावर केंद्रित बोलण्याचा दुसरा उपचार, ज्याला सी.बी.टी. म्हणतात, तोही मान्यताप्राप्त आहे. जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मनोविकार ओपीडी, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये इथे नंबर लावता येतो. तिथे विचारा, "आघातासाठीचे प्रशिक्षित कुणी आहे का?" एकाने विचारले तर "नाही" मिळते. महिला मंडळाने अर्ज देऊन विचारले तर उत्तर लेखी द्यावे लागते. परवडणारा मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उपचार घेणे म्हणजे माफ करणे नव्हे, विसरणे नव्हे आणि तडजोड तर नव्हेच. ज्याने घर जाळले त्याला शिक्षा व्हायला हवी, ते काम कोर्टाचे आणि चळवळीचे. पण ज्याचे घर जळाले त्याने रोज रात्री त्या आगीत उभे राहावे, असा कुठल्याच लढ्याचा नियम नाही. नीट झोपलेला माणूस मोर्चात जास्त लांब चालतो.

आपल्या गल्लीत असे कुणी असेल तर त्याला या पानातले काहीही समजावून सांगण्याआधी त्याच्याजवळ बसा. मग एकच काम करा : तो दवाखान्यात जायचे म्हणाला, तर त्या दिवशी त्याचे पाणी तुम्ही भरा.

जयभीम.